मद्य-अनुज्ञप्ती आणि सेवकांचे प्रशिक्षण : एक विवेचन (विशेष संदर्भ : पुणे शहर)

प्रस्तावना :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेयांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. त्याच संविधानाच्या राज्यसूचीनुसार मद्याचे नियमन आणि मद्यावरील उत्पादन शुल्क हे दोन्ही विषय राज्यांकडे येतात. रोखायचेही राज्याने आणि महसूलही घ्यायचा राज्यानेच, असा हा मूळचा पेच आहे. महाराष्ट्रात तो मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) या कायद्यातून स्पष्टपणे दिसतो. नावाप्रमाणे हा कायदा बंदीचा आहे. विक्री, बाळगणे व सेवन तत्त्वतः निषिद्ध असून अनुज्ञप्ती व परवाना हे त्यास अपवाद होत. सदर लेखात या व्यवस्थेत मद्य वाढणाऱ्या सेवकाचे स्थान काय, याचा विचार करण्यात आला आहे.

अनुज्ञप्ती व परवाना :
व्यवहारात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्यात तसे नाही. अनुज्ञप्ती विकणाऱ्यास, तर परवाना पिणाऱ्यास दिला जातो. 'परमिट रूम' या सर्वपरिचित नावाचे मूळ यातच आहे : परवानाधारकाने बसून प्यावयाची ती खोली. मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ नुसार उपाहारगृहास एफएल-३, तर बंद बाटली विकणाऱ्या दुकानास एफएल-२ अनुज्ञप्ती लागते. शिक्षणसंस्था व धार्मिक स्थळे यांपासूनचे अंतर, विक्रीच्या वेळा, कोरडे दिवस, नोंदवह्या यांविषयी तपशीलवार अटी आहेत. अटींचा भंग झाल्यास कलम ५४ अन्वये अनुज्ञप्ती निलंबित वा रद्द करता येते.

वयोमर्यादा :
महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. बिअर व वाइन यांसारख्या सौम्य मद्यांसाठी २१ वर्षे, तर इतर मद्यांसाठी २५ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. याचा अर्थ असा की, पदवी वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांस बिअरही वाढता येत नाही आणि पदव्युत्तर वर्गातील बहुतेकांस व्हिस्की वाढता येत नाही. ही वस्तुस्थिती खुद्द विद्यार्थ्यांना, आणि कदाचित अध्यापकांनाही, फारशी ठाऊक नसावी. त्याखाली १८ वर्षांची तिसरी रेषा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार बालकास मद्य दिल्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या तीन रेषांपैकी समोरचा ग्राहक कोणत्या रेषेच्या अलीकडे आहे, हे मालक ठरवीत नाही. रात्री अकरा वाजता, गर्दीत, टेबलाशी उभा असलेला वेटर ते ठरवितो.

१९ मे २०२४ रोजी कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता व त्यापूर्वी त्याने दोन ठिकाणी मद्य घेतले होते, असे पोलिसांचे म्हणणे होते. ती ठिकाणे सील करण्यात आली; मद्य पुरविल्याच्या आरोपावरून मालक व व्यवस्थापक यांना अटक झाली. चर्चा मात्र पुढे जामीन, निबंध आणि रक्ताचे नमुने यांकडे वळली. वयाचा पुरावा कोणी मागावयास हवा होता आणि तो मागण्याचे शिक्षण त्यास कोणी दिले होते, हा प्रश्न मागे पडला.

नोकरनामा आणि प्रशिक्षण :
अनुज्ञप्तीधारकाच्या वतीने मद्यविक्री करणाऱ्या नोकराचे नाव 'नोकरनाम्या'त नोंदवून ते उत्पादन शुल्क अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. म्हणजे सेवक कायद्यास अपरिचित नाही. परंतु नोकरनाम्यातून त्याची ओळख पटते, पात्रता नव्हे. प्रशिक्षणाची अट त्यात नाही. येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या व्याख्येनुसार मद्य हेही अन्नच होय आणि त्या व्यवस्थेत अन्न हाताळणाऱ्या दर २५ व्यक्तींमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक अपेक्षित आहे. पेला स्वच्छ कसा ठेवावा हे शिकविले जाते. तो कोणास देऊ नये हे नाही.

स्कॉटलंडमध्ये २००५ च्या कायद्यान्वये नव्या सेवकास मद्य वाढण्यापूर्वी किमान दोन तासांचे विहित प्रशिक्षण घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात सेवकाकडे प्रशिक्षणाचे ओळखपत्र असणे बंधनकारक आहे. वय पडताळणे, नशेची चिन्हे ओळखणे आणि वाद न वाढविता नकार देणे हा अशा प्रशिक्षणाचा गाभा असतो. यांतील तिसरी बाब आपल्याकडे सर्वांत अवघड आहे, कारण बक्षिसीवर अवलंबून असलेल्या वेटरने धनाढ्य ग्राहकास 'नाही' म्हणणे, हे मालकाच्या पाठबळाशिवाय घडत नाही.

नोकरनाम्यासोबत प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडण्याची अट घालावयाची झाल्यास कलम १४३ अन्वये नियम करण्याचा अधिकार शासनास आहेच. शिवाजीनगर येथील राज्य हॉटेल व्यवस्थापन संस्थेसारख्या संस्थांमुळे शिकविणारे मनुष्यबळही शहरात उपलब्ध आहे. अडचण आहे ती सेवक वरचेवर बदलण्याची. प्रमाणपत्र आस्थापनेच्या नावे न देता सेवकाच्या नावे दिले, तर ते त्याच्यासोबत दुसऱ्या नोकरीतही जाईल आणि खर्चही दर वेळी नव्याने करावा लागणार नाही.