पुण्याच्या रग्बीपटु

मुलींनीं मैदानावर उतरावें कीं नाहीं, असें पालक आम्हांस अजूनहि विचारतात. "पडली, हातपाय मोडला, तर पुढें कसें व्हावयाचें?" ही त्यांची चिंता खोटी नाहीं, परंतु तिला उत्तर देण्यासाठीं आम्ही पुण्याच्या वाहबीझ भरुचा ह्यांची हकीकत सांगतों.

वाहबीझ ह्या व्यवसायानें फिजिओथेरपिस्ट. दुखावलेले सांधे व स्नायु व्यायामानें पुन्हां कामास लावणें, हें त्यांचें नित्याचें काम. दुखापत म्हणजे काय, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? तरीहि त्या रग्बी खेळल्या, आणि भारताच्या कर्णधार झाल्या.

ह्या खेळाचें नांव इंग्लंडांतील रग्बी गांवच्या शाळेवरून पडलें. लंबगोल चेंडू घेऊन धांवावयाचें व तो प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीस टेकवावयाचा. त्याबद्दल पांच गुण. धांवणारीला प्रतिपक्षानें पकडून पाडावें, हें नियमास धरूनच आहे. मात्र मानेस हात घालणें हा अपराध. चेंडू हातानें पुढें फेंकतां येत नाहीं; तो बाजूच्या किंवा मागच्या सोबतिणीकडेच द्यावा लागतो. पाडली गेलेली खेळाडू चेंडू सोडते आणि मागून आलेल्या सोबतिणी तो उचलतात. म्हणून नवशिक्यांस पडावें कसें व पाडावें कसें, हें आधीं शिकवितात.

पंधरा जणींच्या सामन्यांत भारतीय स्त्रियांचा संघ प्रथम उतरला तो २०१८ सालीं, सिंगापुरास. तेथें त्यांची हार झाली. पुढच्याच वर्षीं, जून २०१९ मध्यें, मनिला येथें वाहबीझ ह्यांच्या नेतृत्वाखालीं ह्याच संघानें सिंगापुरास २१-१९ असें हरविलें. अखेरच्या मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायक ह्यांनीं मारलेली पेनल्टी-किक निर्णायक ठरली. पंधरा जणींच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतील भारतीय स्त्रियांचा हा पहिला विजय होय.

शुभवर्तमानांतील एका दासानें धन्याचा पैका भीतीनें जमिनींत पुरून ठेविला, व त्याबद्दल तो दोषी ठरला. शरीर हेंहि तसेंच सोंपविलेलें धन आहे. तें जपावें खरें, पण पुरून ठेवूं नये. तेव्हां पालकहो, आपल्या मुलीला मैदानावर अवश्य पाठवा. मात्र तिला पडावयास कोण व कसें शिकवितो, हें आम्हां शिक्षकांस खुशाल विचारा. तो आपला हक्क आहे.