दोन पायांचा घोडा

ऐतिहासिक नाटक बसवणाऱ्या प्रत्येक शाळेपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : घोडा कुठून आणायचा? तलवारी पुठ्ठ्याच्या चालतात, किल्ला पडद्यावर रंगवता येतो, जिरेटोप भाड्याने मिळतो. घोड्याचे मात्र अवघड असते. आपल्या पागेत घोडे आहेत. पण सभागृहाच्या गुळगुळीत फळ्यांवर, झगझगीत दिव्यांत आणि ताशाच्या कडकडाटात खरे जनावर आणणे म्हणजे त्याच्या आणि स्वाराच्याही जिवाशी खेळ. पुठ्ठ्याचा सपाट घोडा उभा केला तर तो हलत नाही, आणि हलवला तर प्रेक्षक हसतात. गंभीर प्रवेशात एकदा हशा पिकला की तो प्रवेश गेलाच म्हणून समजा.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या १६७७ सालच्या भेटीचा प्रसंग निवडला. दक्षिण दिग्विजयात कोलेरून नदीच्या उत्तर काठी ही भेट झाली. व्यंकोजीराजे घोड्यावरून येतात, त्या क्षणावर आमचा पहिला प्रवेश उभा आहे. घोड्यासाठी मंजूर झालेली रक्कम होती २,५०० रुपये. मे महिन्याच्या सुट्टीत मी तंजावरला गेलो, आणि ज्या मुलखातला प्रसंग त्याच मुलखात त्याचा घोडाही सापडला.

तंजावर आणि मराठी नाटक यांचे नाते जुने आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तिथून आपण मराठी रंगभूमीची सुरुवात मोजतो. पण त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) तंजावरला मराठीत नाटके लिहीत होते. त्या नाटकांची हस्तलिखिते तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत.

मला हवा असलेला घोडा मात्र ग्रंथालयात नव्हता, तो रस्त्यावरच्या मिरवणुकीत होता. त्या नाचाला तमिळमध्ये ‘पोय्क्काल कुदिरै आट्टम’ म्हणतात. पोय् म्हणजे खोटे, काल् म्हणजे पाय, कुदिरै म्हणजे घोडा. थोडक्यात, खोट्या पायांच्या घोड्याचा नाच. हा नाच मराठा राजांच्या काळात तंजावरला आला असे तिथे सांगतात. नर्तक हलक्या वस्तूंनी बनवलेला घोड्याचा सांगाडा अंगात घालतो. सांगाड्याच्या मधोमध पोकळी असते, त्यातून त्याचे कमरेवरचे अंग स्वार म्हणून वर दिसते. खाली सोडलेल्या झालरीत त्याचे पाय झाकले जातात आणि पायांना बांधलेल्या लाकडी पायांचा टापांसारखा आवाज येतो. बहुतेक वेळा राजा आणि राणी अशी जोडी नाचते. गोव्यात शिगम्याला होणारी घोडेमोडणीही याच कुळातली. तिथे नर्तक कमरेला घोडा बांधतो आणि हातात तलवार घेऊन नाचतो.

हा घोडा नीट पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. तो हुबेहूब घोड्यासारखा दिसत नाही, तरी कोणी हसत नाही. कारण त्याचा घोडेपणा कातडीत नसून चालीत आहे. म्हणून पैसे घोडा सुबक करण्यावर घालवू नयेत. वजन कमी ठेवावे आणि उरलेले कष्ट चालीवर घ्यावेत.

एखाद्या कलाकाराचा घोडा दोन दिवस मागून आणावा, असे कोणालाही सुचेल. ते योग्य नव्हे. तो घोडा हे त्याचे पोट भरण्याचे साधन आहे. तो आपल्याकडे असेल तितके दिवस त्याचा रोजगार बुडतो. त्याऐवजी मी एका कलाकाराला ७०० रुपये देऊन सांगाडा कसा बांधतात ते शिकून घेतले. त्या रकमेवर घासाघीस केली नाही.

आता कृती. बांबूच्या कामट्या पाण्यात भिजवून वाकवाव्यात आणि सुतळीने बांधून लांबट होडीसारखा सांगाडा करावा. त्यावर गोणपाट ताणून बसवावे. मग जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे मैद्याच्या खळीत बुडवून एकावर एक पाच थर द्यावेत. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. घाई केली की आत बुरशी धरते. खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने हे काम शिक्षकांनीच करावे. शेवटी रंग द्यावा. शेपूट आणि आयाळ काथ्याची.

सांगाडा कमरेला बांधू नये, खांद्यावर घ्यावा. त्यासाठी जुन्या पिठ्ठूचे पट्टे उत्तम. पाठीवर ते फुलीसारखे घेतले की घोडा एका बाजूला कलत नाही. आमच्या घोड्याचे वजन साडेचार किलो भरले. तो घालून कॅडेटला दहा मिनिटे दौडता आले पाहिजे, ही आमची कसोटी. लाकडी पाय आम्ही वापरले नाहीत. त्यांवर तोल सांभाळायला दीर्घ सराव लागतो आणि पडल्यास घोटा मोडतो.

घोड्याच्या मानेची युक्ती तंजावरच्याच ‘तलैयाट्टि बोम्मै’ या बाहुलीकडून घेतली. तिचे डोके धडाला चिकटवलेले नसते, आतल्या तारेवर नुसते टेकलेले असते; म्हणून जरा धक्का लागला की ती मान डोलावते. आम्ही घोड्याचे डोके तसेच जाड तारेवर बसवले. आता प्रत्येक पावलाला घोडा आपोआप मान हलवतो.

उरली चाल. घोडेस्वारीच्या तासाला आपण शिकतो की साध्या चालीत टापांचे चार ठोके पडतात. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय एकदम पडतात, म्हणून ठोके दोनच. कँटरमध्ये तीन. माणसाला पाय दोन, तेव्हा त्याला हुबेहूब जमते ती दुडकी. म्हणून व्यंकोजीराजे आमच्या रंगमंचावर दुडकीतच येतात. थांबण्यापूर्वी घोडा सावकाश चालतो, तेव्हा विंगेतला कॅडेट नारळाच्या दोन करवंट्या फळीवर आपटून चार ठोके देतो. पाय आणि करवंट्या यांचा मेळ बसायला रोज अर्ध्या तासाप्रमाणे तीन आठवडे लागले. या कामाला पैसा लागला नाही, पण प्रवेश तोलला तो यानेच.

खर्चाचा हिशेब असा : बांबू २४०, सुतळी ९०, मैदा १००, रंग ३५०, झुलीचे कापड ४८०, बकला आणि तार २००, एकूण १,४६० रुपये. गोणपाट आणि काथ्या भांडारातून मिळाला, करवंट्या भोजनगृहातून. झुलीची जर एका पालकांनी दिलेल्या जुन्या साडीची. शिकवणीचे ७०० धरून २,१६० झाले. उरलेले ३४० रुपये दुरुस्तीसाठी ठेवले आहेत.

घोडा सध्या नाट्यविभागाच्या खोलीत आढ्याला टांगलेला आहे, कारण जमिनीवर ठेवला तर ओल आणि उंदीर दोन्ही लागतात. ज्या हाउसला आपल्या नाटकासाठी तो हवा असेल त्यांनी जरूर न्यावा. अट एकच : ज्या कॅडेटला तो घालायचा आहे, त्याने आधी आठवडाभर पागेत उभे राहून घोडा कसा चालतो ते पाहावे.