‘मंथन’ची पाठचिकित्सा

श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) हा चित्रपट जून २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला. गुजरातमधील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो निर्माण केला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची.

असे पुनरागमन म्हणजे जुनीच प्रत पुन्हा दाखविणे, हा समज यथार्थ नाही. ‘मंथन’चे चित्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील मूळ निगेटिव्हवरून घेण्यात आले, ध्वनी मात्र मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जपलेल्या प्रदर्शन-प्रतीवरून घेतला गेला. पळस्प्यावरून जाणाऱ्या मुंबई-पुणे मार्गाच्या दोन टोकांवरील या साधनांतून एक संहिता सिद्ध झाली. भांडारकर संस्थेने हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्याच जातीचे हे कार्य होय.

भेद एक आहे. महाभारताच्या संपादकांस व्यासांना विचारता येत नव्हते. येथे बेनेगल व छायालेखक गोविंद निहलानी यांच्या देखरेखीखाली काम झाले. फिकटलेला रंग मूळचा कसा होता, हे कर्त्याची स्मृतीच सांगू शकते. बेनेगल डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तले. यावरून बोध इतकाच, की निगेटिव्ह जपणे पुरेसे नाही. कर्ते हयात असतानाच पाठ निश्चित केला पाहिजे.