दूध नासलं? नासू द्या!

सकाळचे साडेसात. एका शेगडीवर चहाचं आधण, दुसरीवर दोन लिटर दूध. रात्रीच्या गाडीने आलेली नणंद आणि तिचे यजमान बाहेरच्या खोलीत चहाची वाट पाहत बसलेले. एवढ्यात पातेल्याच्या कडेला बारीक कण दिसू लागतात आणि बघता बघता सगळ्या दुधाचा चोथा आणि हिरवट पाणी होऊन जातं.

मग कुणीतरी म्हणतंच, "सकाळी सकाळी दूध नासलं, लक्षण काही बरं नाही." पाठोपाठ प्रश्न येतो, "रात्री फ्रिजमध्ये ठेवलं होतं ना?" हा प्रश्न नेहमी सुनेला विचारला जातो. फ्रिजचं दार अर्धवट उघडं टाकणाऱ्या नातवाला कधीच नाही!

खरं तर यात शकुन-अपशकुन काही नाही. पाश्चरायझेशन केलेल्या दुधातही थोडे जिवाणू उरतात, शिवाय भांड्यातून, ओल्या पळीतून नवे येतात. दूध पुरेसं गार नसलं, की ते दुधातल्या साखरेचं आम्ल बनवतात. दुधातली केसीन नावाची प्रथिनं एरवी एकमेकांपासून दूर तरंगत असतात. आम्ल वाढलं की ती एकमेकांना चिकटू लागतात. गार दूध फाटायला बरंच आम्ल लागतं, तापलेल्या दुधाला मात्र थोडंसंही पुरतं. म्हणून पिशवीत छान दिसणारं दूध गॅसवर चढलं की फाटतं. म्हणजे बिघाड होतो काही तास आधी आणि दोष येतो पातेल्याजवळ उभ्या असलेल्या बाईवर.

आता पुढे काय? आधी पाहुण्यांना लिंबू पिळलेला कोरा चहा द्यावा, म्हणजे जरा उसंत मिळते. मग त्या दुधाचा वास घ्यावा. नुसता किंचित आंबट वास असेल, तर काम झालं. पण कडवट किंवा कुजका वास, तार सुटणं, पिवळट-गुलाबी छटा यातलं काहीही दिसलं किंवा दूध रात्रभर उकाड्यात बाहेरच राहिलं असेल, तर पैशांचा मोह सोडून ते सरळ ओतून द्यावं. काही जिवाणूंचं विष उकळूनही जात नाही. तान्ही मुलं, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसं यांच्या बाबतीत तर शंका आली तरी नकोच.

दूध चांगलं असेल, तर त्यात अर्धं लिंबू पिळून ते पूर्ण फाडावं. मलमलच्या फडक्यात गाळून चोथ्यावर गार पाणी ओतावं, म्हणजे आंबटपणा जातो. मग फडकं घट्ट बांधून त्यावर अर्धा तास वरवंटा ठेवावा. दोन लिटरमधून साधारण तीनशे ग्रॅम पनीर सहज मिळतं. कांदा-टोमॅटोवर परतलं की भुर्जी तयार. गोड हवं असेल, तर पाव किलो चोथ्याला शंभर ग्रॅम साखर घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतावं आणि वेलची घालून थापावं. कलाकंद दाणेदार व्हावा म्हणून हलवाईसुद्धा दुधात मुद्दाम तुरटी किंवा लिंबाचा रस घालतात, हे किती जणींना ठाऊक असतं?

आपल्याकडे ज्याला अपशकुन म्हणतात, त्यावर बंगाल आणि ओडिशाने केवढी मिठाई उभी केली! फाटलेल्या दुधाच्या छेन्याशिवाय ना संदेश होतो, ना रसगुल्ला. या रसगुल्ल्यासाठी दोन्ही राज्यं भांडली आणि शेवटी 2017 साली बंगालला, तर 2019 साली ओडिशाला आपापल्या रसगुल्ल्याचं भौगोलिक मानांकन मिळालं.

उरलेलं पाणीही मोरीत ओतू नये. त्यात दुधातली साखर, क्षार आणि थोडी प्रथिनं असतात. त्यात कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात. आमटीतही ते चालतं, फक्त चिंच-आमसूल बेताने घालावं. दूध न पचणाऱ्यांनी मात्र या पाण्यापासून लांबच राहावं.

एवढं झालं, की दुपारी सवडीने फ्रिजकडेही बघावं. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. ती सहज सुटून आली, तर रबर सैल झालंय असं समजावं. असल्या फ्रिजमध्ये दुधाबरोबर कालची भाजी आणि भिजवलेलं पीठही गुपचूप खराब होत असतं. दुधाने फक्त आधी बोंब ठोकली, एवढंच.

जेवणानंतर नणंद वडीची कृती लिहून घेत असते आणि सासूबाई नातवाला हाक मारत असतात, "अरे, ते फ्रिजचं दार नीट लाव आधी!"