ईदीच्या पैशांतली राणीची बाग

रमजान महिना उतरणीला लागला की मदनपुरा, नागपाडा, आग्रीपाडा या भागांतल्या मुलांचे हिशेब सुरू होतात. मामूकडून ईदी किती मिळेल, खालाकडून किती, आणि तेवढ्यात राणीच्या बागेत काय काय करता येईल! ईदच्या सकाळी नमाज होते, घरोघरी शीरखुर्मा होतो, पाहुणे येऊन जातात. मग त्याच दुपारी किंवा ‘बासी ईद’ला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, नव्या कपड्यांतली कुटुंबे भायखळ्याचा पूल ओलांडून बागेच्या दारात रांग लावतात.

या वस्त्यांना मोकळी जागा नेहमीच कमी. मदनपुऱ्यात उत्तर भारतातून आलेले विणकर वसले. रुळांच्या पूर्वेला लालबाग-चिंचपोकळीच्या चाळींत कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार राहिले. दोन्हीकडे घर म्हणजे एक खोली आणि माणसे आठ-दहा. अशा घरांचे अंगण ही बागच होती. मे महिन्याच्या सुट्टीत लालबागची आजी नातवंडांना जिथे हत्ती दाखवायला आणायची, तिथेच ईदला मदनपुऱ्याची नानी डबा उघडून झाडाखाली बसायची.

1862 मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली. राणी व्हिक्टोरियाच्या नावामुळे ती ‘राणीची बाग’ झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. शेजारचे वस्तुसंग्रहालय 1872 मध्ये उघडले. ते उभे राहावे म्हणून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कष्ट घेतले. नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय, डेव्हिड ससून यांनी हात सैल सोडला. हिंदू, पारशी आणि ज्यू दात्यांच्या पैशाची ही वास्तू 1975 पासून भाऊ दाजींचे नाव मिरवते. तिच्याजवळचा दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले ते याच्यामुळेच. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचे ठरले, तेव्हा उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जुळवून त्याला पुन्हा उभे केले गेले. फोर्टातून 1965 मध्ये हलवलेला मूळचा काळा घोडाही इथेच आहे. ईदच्या दिवशी या दोघांपुढे फोटोसाठी मुलांची गर्दी असते.

2017 मध्ये पेंग्विन लोकांना पाहण्यासाठी खुले झाले आणि त्याच वर्षी मोठ्यांचे तिकीट 5 रुपयांवरून 50 रुपये झाले. तीन ते बारा वर्षांच्या मुलांना 25 रुपये, तर आईवडील आणि दोन मुले मिळून 100 रुपये. बाग राखायला खर्च येतो, प्राण्यांची देखभाल स्वस्त नसते, हे खरेच. पण चार मुले, नानी आणि सोबत आलेली फुफू असे घर निघाले की हा ‘चौघांचा’ हिशेब मोडतो. रोजंदारीवर जगणारा बाप दाराशी उभा राहून माणसे मोजू लागतो.

ईदच्या आनंदातून कोणी वगळले जाऊ नये, याची तजवीज रमजानमध्येच केलेली आहे. ऐपत असलेल्याने घरातल्या प्रत्येकामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, ‘सदका-ए-फित्र’ काढायचा आणि तो ईदच्या नमाजआधी गरजूंच्या हाती पोचवायचा. गरिबाच्या घरीही त्या दिवशी सण व्हावा, हा त्यामागचा हेतू. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तोही सदकाच, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. त्या अर्थाने गोरखचिंचेसारख्या जुन्या वृक्षांची ही बागही एक मोठा सदका आहे. नूतनीकरणाच्या आराखड्यामुळे झाडांची काळजी वाटू लागली, तेव्हा नागरिकांनी त्यांच्यासाठी आवाज उठवला होता. तसाच आवाज तिकिटासाठीही उठायला हवा. ईद, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी, एवढ्या दिवसांपुरते तरी मुलांना मोफत आत सोडावे, ही मागणी काही अवास्तव नाही.

तोवर एक गोष्ट कुणालाही करता येईल. यंदा ईदला बागेत जाताना शेजारच्या घरातली दोन मुले सोबत घ्यावीत. ती कोणत्या घरची आहेत, हे दगडी हत्ती विचारत नाही.