विश्लेषण : समुद्राच्या गवताने शाकारलेले घर… लेसो बेटावरील छपरे कशी वाचली?

मृग तोंडावर आला की कोकणात घर शाकारण्याची लगबग सुरू होत असे. पेंढ्याचे छप्पर दर पावसाळ्यापूर्वी नीट करावेच लागे. डेन्मार्कच्या लेसो बेटावर मात्र गवताची काही छपरे दीडशे वर्षांहून अधिक टिकली, कारण तिथले गवत समुद्रातले होते. अशा छपराखाली आता पर्यटक सुट्टी घालवतात.

लेसो कुठे आहे?

डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधील कॅटेगॅट समुद्रातील हे सर्वांत मोठे बेट. लोकवस्ती दोन हजारांहून कमी. फ्रेडरिक्सहाउन बंदरातून बोटीने सुमारे दीड तासात वेस्टरो येथे पोहोचता येते. बेटाच्या दुसऱ्या टोकाला ऑस्टरबी हे मच्छीमारांचे गाव आहे. जोमफ्रूहुमर नावाच्या छोट्या लॉब्स्टरसाठी हे बेट ओळखले जाते.

छपराला समुद्राचे गवतच का?

मध्ययुगात लेसोवर मीठ तयार होई. खारे पाणी आटवण्यासाठी भट्ट्यांमध्ये इतके लाकूड जळाले की बेटावरील जंगल संपले आणि वाळू शेतांवर पसरू लागली. १६५२मध्ये मीठ उकळणे बंद झाले, पण तोवर घर बांधायला लाकूडही उरले नव्हते. रहिवाशांनी फुटलेल्या जहाजांच्या फळ्या आणि तुळया घरांसाठी वापरल्या. छपरासाठी किनाऱ्यावर वाहून येणारे ईलग्रास हाताशी होते. हे शेवाळ नव्हे. समुद्रतळाशी वाढणारी, फुले येणारी वनस्पती आहे. मीठ मुरलेले असल्याने ती लवकर कुजत नाही आणि सहजासहजी पेटही घेत नाही.

शाकारणी बायकांकडे का?

पुरुष जहाजांवर असत. शेती, जनावरे आणि घरे बायकाच सांभाळत. वादळानंतर किनाऱ्यावर आलेले गवत त्या गोळा करत आणि शेतात पसरून पावसात धुऊ देत, उन्हात वाळवत. मग गवताला पीळ देऊन जाड दोर वळले जात. हे दोर वळचणीकडील खालच्या रिपांना बांधत आणि त्यावर गवताचे थर रचून पायांनी तुडवत. काम मोठे असल्याने गावातील अनेक बायका एकत्र येत. छपराची जाडी मीटरभर, कधी त्याहूनही जास्त असे आणि वजन कित्येक टन.

मग ही घरे का संपत आली?

अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावर अशी सुमारे २५० घरे होती. १९३०च्या दशकात ईलग्रासवर रोग आला आणि उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरील गवताची कुरणे नष्ट झाली. नवे गवत नाही, म्हणून नवी छपरे नाहीत. काम थांबल्यावर ते शिकवणारे हातही कमी झाले. आज जेमतेम वीसेक घरे उरली आहेत.

छपरे कशी वाचवली गेली?

एकविसाव्या शतकात स्थानिकांनी जुने तंत्र पुन्हा शिकून दुरुस्ती सुरू केली. त्यासाठी लागणारे गवत डेन्मार्कच्या इतर किनाऱ्यांवरूनही आणले गेले. रिअलडानिया या संस्थेने ‘कालिनेचे घर’ हे जुने घर दुरुस्त करून घेतले. २०१३मध्ये त्याच्याजवळच वांडकुन्स्टेन या वास्तुविशारद संस्थेने आधुनिक समुद्री गवताचे घर बांधले. दोन कुटुंबांना सुट्टीत राहता यावे, अशी त्याची रचना आहे. जाळीच्या लांब पिशव्यांत गवत भरून त्यांनी छप्पर आणि भिंती मढवल्या आहेत. आतल्या पोकळीतही उष्णतारोधक म्हणून हेच गवत आहे.

राहायचे तर काय लक्षात ठेवावे?

भारतीय प्रवाशांना शेंगेन व्हिसा लागतो. डेन्मार्कमध्ये सुट्टीची घरे उन्हाळ्यात बहुधा आठवड्याच्या हिशेबाने, शनिवार ते शनिवार मिळतात. वीज, चादरी आणि शेवटची साफसफाई यांचे पैसे अनेकदा वेगळे असतात. त्यामुळे नोंदणीपूर्वी अटी वाचाव्यात. स्वयंपाक स्वतः करायचा असतो. घर समुद्री गवताने शाकारलेले हवे असेल तर तसे विचारून घ्यावे, कारण बेटावरील बहुतेक घरांची छपरे वेगळी आहेत.

पुढे काय?

जुने घर रिकामे राहिले तर छपराची गळती वेळेत लक्षात येत नाही. पर्यटक राहिले की घर उघडे राहते आणि भाड्यातून डागडुजीला हातभार लागतो. पण पैशाने गवत उगवत नाही. ईलग्रासला तळापर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश हवा. शेतांतील खते पाण्यात मिसळली की सूक्ष्म शैवाल वाढते, समुद्र गढूळ होतो आणि गवत मरते. लेसोची छपरे टिकवायची तर शिडीवर चढणारे कारागीर हवेत, तसाच डेन्मार्कभोवतीचा समुद्रही नितळ हवा.