हप्ता चालू, गाडी बंद : कर्जावर घेतलेल्या सदोष वाहनात ग्राहकाचे हक्क

मंडळी, आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांच्या दारात उभा आहे. काहींच्या तर दारातही नाही, सर्व्हिस सेंटरमध्ये उभा आहे. (हशा)

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अमळनेरच्या एका शिक्षकांनी जळगावच्या शोरूममधून नऊ लाखांची गाडी घेतली. दीड लाख रोख भरले, साडेसात लाखांचं कर्ज काढलं. दुसऱ्याच महिन्यात गाडी तापायला लागली. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे मे महिन्यात माणूसही तापतो, शोरूमवाल्यानेही तेच सांगितलं, "सर, ऊन आहे." पण जून गेला, जुलै गेला, सहा वेळा गाडी आत-बाहेर झाली. मग सर म्हणाले, आता हप्ताच भरत नाही, बघू काय करतात!

इथे थांबा. या विषयातली सगळ्यात महाग चूक हीच आहे.

तुम्ही दोन वेगळे करार केलेले असतात. एक गाडी विकणाऱ्याशी, दुसरा पैसे देणाऱ्याशी. बँकेने पैसे दिले तेव्हाच तिच्या बाजूचं काम झालं. रेडिएटर गळतो की गिअर अडकतो, याच्याशी त्या कराराचा संबंध नाही. हप्ता थांबला की दंड लागतो, सिबिल खराब होतं, आणि गाडी बँकेकडे तारण असल्यामुळे ती ओढून नेण्याची वेळ येऊ शकते. मग ज्या गाडीचा दोष दाखवायचा तीच तुमच्या ताब्यात नाही! म्हणजे पुरावाही गेला.

मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, "३० दिवसांत गाडी परत करा, बँकही जबाबदार." ते खोटं नाही, पण ते इंग्लंडचं आहे. तिथे १९७४ च्या कायद्याने ठरावीक रकमेच्या खरेदीत कर्ज देणाऱ्यालाही विक्रेत्याबरोबर जबाबदार धरलं, आणि २०१५ च्या कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारण्याचा हक्क दिला. अमेरिकेतही सदोष गाड्यांसाठी खास कायदे आहेत. आपल्याकडे गाड्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही. आपलं हत्यार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला.

मला नेहमी विचारतात, "साहेब, आर.सी. बुकावर बँकेचं नाव आहे, मग ग्राहक मी की बँक?" ग्राहक तुम्हीच. कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय, की पैसे पूर्ण दिलेले असोत, अर्धे दिलेले असोत की हप्त्याने द्यायचे असोत, घेणारा ग्राहकच असतो. रावेर-यावलकडे केळी वाहायला पिकअप घेणारे विचारतात, आमची गाडी धंद्याची, आम्हाला चालेल का? स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर चालेल. दहा गाड्यांचा ताफा असेल तर मात्र अडचण येते.

आता लढाई कशी लढायची ते बघू. ती जिंकली जाते कागदावर. गाडी सर्व्हिसला गेली की जॉब कार्ड बनतं. तिथला मुलगा घाईत लिहितो "जनरल चेकअप". तसं लिहू देऊ नका. "चाळीस किलोमीटर चालल्यावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो, तिसरी वेळ" असं लिहायला लावा, मगच सही करा. गाडी कोणत्या तारखेला आत गेली, कधी बाहेर आली, किती किलोमीटर झाले होते, हे सगळं ठेवा. उत्पादनातला दोष सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर असतं, आणि एकच तक्रार सांगणारी सहा जॉब कार्डं फार मोठ्याने बोलतात. त्याच्या जोडीला कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग गाडी तपासायला पाठवू शकतो. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते. ती भरायला मागेपुढे बघू नका, कारण तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय नुसती चीड पुरत नाही. आणि तोवर गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये खोलू नका.

जळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे, धुळ्यालाही आहे. शोरूम नाशिकचं असो, कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो, तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात दाद मागता येते. नव्या कायद्याने दिलेली ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी किती? पाच लाखांपर्यंत काही नाही. आपल्या सरांच्या नऊ लाखांच्या गाडीला २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" यातच ती दोन वर्षं संपतात, हे लक्षात ठेवा.

प्रतिवादी कोणाला करायचं? इथे गोव्याचा एक निकाल ऐका. एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी गाडी मागितली. विक्रेत्याने २००९ ची, सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली गाडी गळ्यात मारली. खालच्या मंचांनी विक्रेता आणि टाटा मोटर्स, दोघांनाही जबाबदार धरलं. पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीला सोडलं. कारण कंपनी आणि विक्रेता यांचं नातं मालक-नोकराचं नव्हतं, आणि विक्रेत्याची लबाडी कंपनीला माहीत होती असं तक्रारीत दाखवलेलंच नव्हतं. म्हणून दोघांनाही पक्षकार करा, पण कोणाची चूक काय, हे वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. इंजिनातला दोष कंपनीचा; खोटं सांगणं, दुरुस्ती टाळणं विक्रेत्याचं. बँकेविरुद्ध तक्रार नसली तरी तिलाही पक्षकार करून ठेवा, म्हणजे पैसे परत मिळायची वेळ आली की हिशेब सरळ होतो.

आणि मागणी एकच करू नका. मारुती उद्योगच्या एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की वॉरंटी भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर क्लचच्या दोषासाठी अख्खी गाडी बदलून देता येत नाही. तेव्हा पर्याय क्रमाने मागा: गाडी बदला, नाही तर पैसे परत द्या, तेही नाही तर दोष काढून द्या आणि भरपाई द्या.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे : "वसुलीवाले रस्त्यात गाडी अडवतात." हप्ता थकला असला तरी दांडगाई चालत नाही. आयसीआयसीआय बँकेच्या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय, की वसुली कायद्याच्या मार्गानेच व्हायला हवी. बँकेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही.

दुसरी चिठ्ठी : "निकाल आपल्या बाजूने लागला, मग?" समोरचा ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकतो, पण त्यासाठी आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. पैसे परत करण्याचा आदेश टिकला तर आधी बँकेचं उरलेलं कर्ज फिटतं, बाकीचे तुमच्या हातात येतात. मग बँकेकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तारणाची नोंद काढून घ्यायची; ती निघेपर्यंत गाडी कंपनीच्या आवारात असली तरी कागदावर तुमचीच राहते.